चार वर्षांच्या लेकीला एसटीची कंडक्टर व्हायचंय आणि घरात जिजाऊंची नऊवारी आणून ठेवलीय

घाटवाट (कराड)

नमस्कार. १४ नोव्हेंबरला लेकीच्या बालवाडीत वेशभूषा स्पर्धा आहे. लेक सव्वाचार वर्षांची, छोट्या गटात. ताईंनी चिठ्ठी दिलीय की थोर व्यक्ती, देव, फळं-भाज्या किंवा आपले मदतनीस, यातलं काहीही चालेल. वेळ दोन मिनिटं, चार ओळी बोलायच्या.

हिला एसटीची कंडक्टर व्हायचंय.

हे कुठून आलं ते सांगते. माझं माहेर चिपळूण. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट या रस्त्यानं वर्षातून चार-पाचदा आमची एसटीची फेरी होते. दिवाळीला गेलो तेव्हा गाडीवर बाई कंडक्टर होत्या. माझं अर्धं तिकीट निघालं आणि हिचं काहीच नाही, कारण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नसतं. हिनं पुढे केलेला हात तसाच राहिला. म्हणाली, "माझं?" त्या बाईंनी तिच्याकडे बघितलं, मशीनमधून कोऱ्या कागदाचा एक तुकडा काढला, टरकन फाडला आणि तिच्या हातात ठेवून म्हणाल्या, "सांभाळून ठेवायचं हां, तपासणीस येतात." चिपळूण स्टँड येईपर्यंत तो कागद मुठीत होता. घामानं लगदा झाला तरी सोडला नाही. तेव्हापासून आमच्या घरी दिवाण म्हणजे गाडी, उशा म्हणजे प्रवासी, आणि आंघोळीला जातानासुद्धा "चला, डबल बेल!"

आता अडचण. सासूबाईंनी मोठ्या हौसेनं शिवलेली नऊवारी आणलीय. राजमाता जिजाऊंचा वेश करायचा असं त्यांच्या मनात होतं. साडी खरंच सुंदर आहे, हिरवी, लाल काठाची. त्यांनी ती हिच्या अंगाला लावून बघितली तर हिनं विचारलं, "यात पैसे ठेवायची बॅग कुठं अडकवायची?" आई काही बोलल्या नाहीत, पण साडी घडी करून कपाटात ठेवली. मला ते लागलं. त्यांचा मान राखायचा आहे आणि लेकीचं मनही मोडायचं नाही.

त्यात ही रोज बदलते. सोमवारी कंडक्टर, मंगळवारी मांजर, बुधवारी शेपूट असलेली कंडक्टर. एवढ्या लहान मुलाच्या निवडीला किती धरून बसायचं? आयांच्या ग्रुपवर मी सहज लिहिलं तर एकीनं विचारलं, "कंडक्टर? दुसरं काही सुचलं नाही का?" तेही डोक्यात बसलंय.

आणि मागच्या वर्षीचं एक ओझं आहे. शिशुगटात मी हिला सूर्यफूल केलं होतं. ती माझी निवड होती, तिची अजिबात नव्हती. आम्ही दोघांनी दोन रात्री जागून थर्माकोलच्या पाकळ्या कापल्या, रंगवल्या, हनुवटीखालून इलॅस्टिक बांधलं. पाकळ्या इतक्या मोठ्या झाल्या की तिला दोन्ही बाजूंचं काही दिसेना. दीड तास रांगेत बसली. शू लागली तर बाहेर कसं काढायचं ते कुणालाच कळेना. स्टेजवर गेली तेव्हा समोरच्या गर्दीत मला शोधत राहिली, मी उजवीकडे उभी होते, पाकळीआड. तिथंच रडायला लागली. तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. यंदा असं होऊ द्यायचं नाही. अनुभवी मंडळींनी सांगा.

बालवाडीताई (सांगली)

ताई, तुमचा सूर्यफुलाचा अनुभव वाचून माझ्या डोळ्यांपुढे कितीतरी मुलं आली. मी ३१ वर्षं बालवाडीत होते, आता निवृत्त आहे. माझा अनुभव सांगते.

चार वर्षांच्या मुलाला "तुला काय व्हायचंय?" असं मोकळं विचारलं की ते समोर दिसेल ते सांगतं. मांजर खिडकीत आलं की मांजर. त्यात लबाडी नसते. म्हणून मी आयांना सांगायचे की "तू काय होणार" असं विचारू नका, "तू ते होऊन काय करणार" असं विचारा. वाघ होणार म्हणणारं मूल एकदा गुरगुरून थांबलं तर तो वाघ कपड्यापुरताच आहे. पण कुणी न सांगता दहा मिनिटं खेळ चालू राहिला, त्यात माणसं आली, भांडणं आली, तर ती निवड मुलाची आहे असं खुशाल समजा. तुमची लेक उशांना तिकिटं फाडतेय. शेपटाचं मनावर घेऊ नका, पण कंडक्टर पक्की आहे.

तरीही तिला निवडीचा मान द्या. दोनच वस्तू जमिनीवर मांडा: एक खाकी शर्ट आणि पिशवी, दुसरी ती नऊवारी. फोनवर चित्रं दाखवू नका, चित्रात हात घालून बघता येत नाही. तिला दोन्ही हाताळू द्या, घालू द्या, आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. समोर बसलात तर ती तुमच्या चेहऱ्याकडे बघून निवडेल.

एक गोष्ट प्रशिक्षणात शिकले होते ती पुढे वर्गात रोज पटली. रीटा डेव्ह्रीज नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मुलांना एक शांत मांजर दाखवलं, मग त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. तीन वर्षांच्या कितीतरी मुलांना ते आता कुत्राच झालं असं वाटलं. सहा वर्षांची मुलं बहुतेक ठाम होती की आत मांजरच आहे. तुमची लेक या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी आहे. म्हणून या वयात तोंड झाकणारं काही नको. स्वतःचं नाक-डोळे आरशात दिसले पाहिजेत आणि आईचाही चेहरा ओळखीचाच राहिला पाहिजे. एका वर्षी माझ्या वर्गातल्या मुलाला काजळानं मिशी काढली, तर तो आरशात बघून "मी कुठं गेलो?" म्हणून ओरडला होता. आम्ही हसलो नाही. मिशी पुसली, तो परत आला.

बाकी व्यवहाराचं. अंगाला आधी सुती बनियन. खाली इलॅस्टिकची चड्डी-पँट, म्हणजे तिला स्वतःला खाली ओढता येईल. हॉलमध्ये तास-दीड तास बसायचं असतं हे धरूनच कपडा ठरवायचा. डोक्यावरचं काही असेल तर ते घट्ट बसतं का ते उड्या मारायला लावून बघा. आमच्याकडे एक वासुदेव झाला होता, सुंदर अंगरखा, हातात चिपळ्या, पण मोरपिसांची टोपी दर पावलाला डोळ्यांवर यायची. बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी टोपी धरली, चिपळ्या वाजवायच्या राहिल्याच. आदल्या आठवड्यात एक अख्खी संध्याकाळ तो वेश घालून घरी वावरू द्या. जेवू द्या, खाली बसू द्या, शूला जाऊ द्या. जिथं टोचेल तिथं ती स्वतःच सांगेल.

ड्रेपरीवाला (पुणे)

आमचं वेशभूषा भाड्यानं द्यायचं दुकान आहे, वडिलांपासून. नाटकाची ड्रेपरी मूळ धंदा, पण आता निम्मं काम शाळांचं.

खरं सांगायचं तर कंडक्टर तुम्हाला भाड्यानं आणावा लागणार नाही. दुकानात लहान मापाचा पोलिस मिळतो. कुणी तोच बिल्ले काढून कंडक्टर म्हणून देईल. कापड जाड नि चकचकीत असतं, मुलाला उकडतं. त्यापेक्षा शाळेच्या गणवेशाच्या दुकानातून साधा खाकी शर्ट घ्या, एक माप मोठा, बाह्या दुमडा. नंतर घरात वापरता येईल.

ज्यांना भाड्यानं आणायचंच आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण १५ ऑगस्ट आणि बालदिनाच्या आधी आमच्याकडे अक्षरशः रांग लागते. वयावरून माप सांगू नका. चार वर्षांची दोन मुलं शेजारी उभी केली तर चार बोटांचा फरक असतो. खांद्यापासून घोट्यापर्यंत उंची आणि कंबर मोजून या. मूल बरोबर आणलंत तर फारच चांगलं. कपडा धुऊन आलाय का ते सरळ विचारा, विचारण्यात काही वावगं नाही. आणि काही सैल झालं तर पिना लावू नका, दोन टाके घाला. सेफ्टी पिन उघडून मुलाला टोचलेली मी पाहिलीय, त्यानंतर आमच्या पिशवीतून पिना काढूनच टाकल्या. गोंदानं चिकटवायच्या दाढी-मिशा एवढ्या लहान मुलांना मी देत नाही. आईबाप आग्रह करतात, तरी देत नाही. निघताना कातडी सोलल्यासारखी लाल होते.

लालडब्बा (रत्नागिरी)

मी एसटीत वाहक होतो, ३२ वर्षं. ताई, तुमचा प्रश्न सुनेनं मला वाचून दाखवला. कागद फाडून दिला ते वाचल्यावर मी तिला म्हटलं, थांब, परत वाच. आम्ही सगळेच असं करायचो. तिकीट न मिळालेलं पोर हात पुढे करून बसतं आणि त्याच्याकडे न बघता पुढे जाणं जमत नाही.

पोरीला नीट कंडक्टर करा. जे मला माहीत आहे ते सांगतो.

बॅग चामडी, तोंड रुंद, पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला किंवा उलट, ज्याची जशी सवय. पट्टा आखूड हवा. लांब झाला तर बॅग मांडीवर आपटते आणि चालताना पाय अडखळतो. खिशावर बिल्ला, त्यावर नंबर. आता सगळीकडे मशीन आहे, पण मशीन लांबून दिसत नाही. स्टेजवर तिकिटांचा ट्रे द्या. आमच्या वेळी ट्रेमध्ये निरनिराळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या असायच्या, प्रत्येकाचा रंग वेगळा. गर्दीत अंधारातसुद्धा बोटांना कळायचं कुठली गड्डी कुठं आहे. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात रंगीत कागदाच्या गड्ड्या रबरानं बसवा, झाला ट्रे. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, म्हणजे पंच, त्याचा टकटक आवाज करत आम्ही पुढे सरकायचो. त्या आवाजानंच माणसं पैसे काढायची. स्टेशनरीच्या दुकानात कागदाला भोक पाडायचा छोटा पंच मिळतो, पण तिच्या बोटाला झेपतो का ते आधी बघा. नाहीतर लाकडी कपडे वाळवायचा चिमटा द्या, तोही टक करतो.

घंटी विसरू नका. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोरी ओढायची. हे तिला आधीच माहीत आहे, शाबास.

भाषण पाठ करायला लावू नका. "आत सरका, मागं जागा आहे", "सुट्टे द्या", "अर्धं कुणाचं आहे?" एवढं पुरे. शेवटचं नक्की घ्या. पाच ते बारा वर्षांच्या पोरांचं अर्धं असतं. स्टेजखाली बसलेली मोठ्या गटातली पोरं हात वर करतील बघा.

आणि ग्रुपवर कुणी काय म्हटलं त्याबद्दल. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी सुटली. तेव्हापासून ज्या गावांत दुसरं काही जात नव्हतं तिथं ही गाडी गेलीय. बाळंतपणाला निघालेली बाई, परीक्षेची पोरं, बाजाराची पाटी, मी सगळं नेलंय. एकदा घाटात दरड आली आणि आम्ही रात्रभर अडकलो. गाडीत एक तान्हं मूल होतं. त्याच्यासाठी वरच्या वाडीवर चालत जाऊन दूध आणलं, चालक गाडीपाशी थांबला आणि मी गेलो. तुमची पोरगी या कामाचा वेश करतेय. तिला ताठ उभी राहू द्या.

आज्जी६८ (कोल्हापूर)

मी सासूबाईंच्या बाजूनं बोलते, रागावू नका.

सगळ्यांनी लेकीच्या आवडीचं लिहिलं, ते बरोबरच आहे. पण नात झाल्यापासून ती बाई मनात ते चित्र धरून असणार. आम्हाला लहानपणी कुणी असं नटवून स्टेजवर उभं केलं नाही. नातीला जिजाऊंच्या वेशात बघायचं म्हणजे काय, हे मला विचारा. माझ्या नातीनंही अशीच साडी नाकारली आणि मी दोन दिवस गप्प होते. राग नव्हता, आपली काही गरज राहिली नाही असं वाटलं होतं.

तेव्हा त्यांना समजावायला जाऊ नका. काम द्या. बॅग त्यांच्याकडून शिवून घ्या. जुन्या रेक्झिनच्या पिशवीची, आत दोन कप्पे, एक नोटांचा आणि एक नाण्यांचा. पट्ट्याचं माप घ्यायला नात चार वेळा त्यांच्यापुढे उभी राहील. आणि साडीला तारीख आहेच की. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती. तोपर्यंत साडी दिवसाआड कपाटातून काढून हाताळू द्या, खेळात येऊ द्या. काष्टा कसा असतो, पदर कुठं खोचायचा, हे खेळता खेळता आवडतं. पहिल्याच दिवशी अंगावर चढवून "उभी राहा" म्हटलं की मूल पळतंच.

घाटवाट (कराड)

सगळ्यांचे खूप आभार. आज्जी, तुमचं वाचल्यावर मी उठून सरळ आईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आई, हिच्या बॅगेला दोन कप्पे करायला जमतील का?" त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "चेन हवी की बटण?" गेले तीन दिवस शिलाई मशीन चालू आहे. आधी माझ्या जुन्या पर्सच्या कापडाची कच्ची बॅग झाली, मग उसवली, पट्टा आखूड केला (लालडब्बा काकांचं वाचून दाखवलं होतं), आता तपकिरी रेक्झिनची पक्की झालीय.

ताई, दोन वस्तू मांडून मी खरंच स्वयंपाकघरात गेले. दारातून ऐकत होते. तिनं आधी साडी उचलली. मला वाटलं, आता काय! तिनं ती दिवाणावर नीट पसरली आणि उशीला म्हणाली, "आज्जी, तुम्ही बसा, तुमचं अर्धं." मग शर्ट घातला.

परवा संध्याकाळभर वेश घालून वावरली. कॉलर टोचते असं कळलं, आतून मऊ कापड लावलं. पंच तिच्या बोटांना झेपत नाही, चिमटाच दिलाय.

घाटवाट (कराड), १५ नोव्हेंबर

काल झालं. लिहायला बसलेय तर कुठून सुरू करावं कळत नाही.

तिचा नंबर एकोणिसावा होता. सव्वा तास बसली. मधे एकदा शूला जाऊन आली, पँट स्वतः खाली केली, स्वतः वर केली. तेवढ्यानंच माझा जीव निम्मा भांड्यात पडला. तिच्या आधी चार शिवाजी महाराज, दोन सावित्रीबाई, एक विठोबा आणि एक वांगं गेलं. विठोबा झालेला मुलगा कमरेवरचे हात शेवटपर्यंत काढेना, त्याला उचलूनच खाली आणलं, तरी हात तसेच. फार गोड दिसत होता.

नाव पुकारल्यावर ही गेली आणि मधोमध उभी राहिली. आधी मला शोधलं. मी यंदा मुद्दाम अगदी समोर, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत बसले होते. तिला दिसले. "मी एसटीची कंडक्टर" एवढी पहिली ओळ म्हणाली आणि पुढची विसरली. दोन-तीन सेकंद काहीच नाही. माझ्या पोटात गोळा. मग तिनं चिमटा ट्रेवर टकटक वाजवला. दोनदा, तिनदा. सगळा हॉल शांत झाला. आणि ही ओरडली, "अर्धं कुणाचं आहे?"

काका, मोठ्या गटातल्या पोरांनी हात वर केले. सगळ्यांनी. ती स्टेजच्या कडेला आली आणि वाकून वाकून तिकिटं देत सुटली. निळं, पिवळं, गुलाबी. ताईंनी घंटा वाजवली तरी थांबेना, कारण एक मुलगा हात वर करून तसाच राहिला होता आणि ट्रे रिकामा झाला होता. तिनं बॅगेत हात घातला. त्यात आईंनी खेळायला म्हणून वहीचं एक पान घडी करून ठेवलं होतं. ते काढलं, टरकन अर्धं फाडलं आणि त्याला दिलं. त्या दिवशी घाटातल्या गाडीत त्या बाईंनी जसं दिलं होतं, अगदी तसं. मग वर हात करून हवेतली दोरी दोनदा ओढली आणि उतरली.

बक्षीस वांग्याला आणि एका सावित्रीबाईला मिळालं, दोघी छानच बोलल्या होत्या. हिला बक्षिसाचं काही वाटलं नाही, वहीचं उरलेलं अर्धं पान कुठंय एवढंच विचारत होती. ते आईंकडे आहे. त्यांनी ते पाकिटात ठेवलंय, मी बघितलं.

रविवारी चिपळूणला चाललोय, आईसुद्धा येतायत. खाकी शर्ट आज धुऊन वाळत घातलाय. त्या कंडक्टर बाई त्याच गाडीवर असतील की नाही माहीत नाही, पण हिनं त्यांच्यासाठी एक गुलाबी तिकीट वेगळं काढून ठेवलंय.